बस्त्याला आलेली मुलगी गप्पच बसली तर तिच्या मनातलं ओळखायचं कसं?

गादीवर_नवीन

नमस्कार. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. साड्या आणि लग्नाचे बस्ते हाच मुख्य धंदा. दिवाळीनंतर वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गादीवर मी बसायला लागलो. वय २६. त्याआधी चार वर्षं पुण्यात एका कंपनीत हिशेब बघायचो. माल हळूहळू कळायला लागलाय. माणसं कळत नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या महिन्यात एक बस्ता आला. दोन्हीकडची मिळून सतरा माणसं. नवरी मुलगी गादीच्या अगदी टोकाला, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, मान खाली. मी देहबोलीवरचे बरेच व्हिडिओ बघितले होते. हाताची घडी म्हणजे नकार, पुढे झुकणं म्हणजे आवड, नाकाला हात म्हणजे खोटं, असं सगळं पाठ होतं. मला वाटलं, हिला काहीच पसंत पडत नाहीये. म्हणून आणखी माल काढायला लावला. साठेक शालू उघडले असतील. आवाज चढवला, "ताई, जरा हसा की, लग्न आहे तुमचं" असंही म्हणालो. ती प्रत्येक शालूला "चालेल" म्हणाली. शेवटी मुलाच्या आत्याने मरून रंगाचा, मोठ्या काठाचा शालू उचलला, सगळे "छान छान" म्हणाले, मुलगी "चालेल" म्हणाली आणि बिल झालं.

तिसऱ्या दिवशी ती, तिची आई आणि मावशी शालू बदलायला आल्या. पिशवी काउंटरवर ठेवली आणि मुलीला रडूच फुटलं. मावशी मला म्हणाल्या, "तीन तास समोर बसला होता तुम्ही. एकदा तरी तिच्याकडे नीट बघितलंत का?"

मी तर त्या दिवशी सारखा तिच्याचकडे बघत होतो. म्हणून ते फार लागलं.

शालू लगेच बदलून दिला. तिने दोन मिनिटांत मोरपंखी, बारीक काठाचा निवडला. तो बस्त्याच्या दिवशीही गादीवर होता, तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. दोन तास हसत-बोलत, पुढे झुकून, एकेक साडी अंगावर टाकून आरशात बघत होत्या. मला खात्री होती, चार तरी साड्या जातील. एकही न घेता गेल्या.

वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, "बसून बसून कळतं." पण तोपर्यंत किती मुलींना नको तो शालू बांधून देणार? स्वभाव वेगळा असला की तीच खूण वेगळी वाचायची असते का? आणि कळलं तरी करायचं काय? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

---

सोलापूरचे_काका

तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून एकेरीत लिहितो. सोलापुरात एका साड्यांच्या दुकानात ३८ वर्षं काढली. १९८५ला लागलो तेव्हा घड्या घालायला होतो. पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकाशी बोलायची परवानगी नव्हती. घड्या घालायच्या आणि बघायचं. माझी खरी शाळा तीच.

चेहरा सोड, हात बघ. बस्त्याला बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर सासूची, आत्याची, आईची, सगळ्यांची नजर असते. म्हणून ती तो सांभाळून बसते. हात सांभाळायचं मात्र कुणाला सुचत नाही. वर नवीन साडी पडली की खालची झाकली जाते, हो ना? आवडलेली साडी झाकली गेली की मुलीचा हात तिकडे जातो. कधी काठाचं टोक ओढून बाहेर काढते, कधी नुसतं बोट टेकवून ठेवते. एकदा हात लागला तर त्यात काही नाही, कापड बघायला सगळेच हात लावतात. त्याच साडीवर दुसऱ्यांदा गेला की मी ती साडी ढिगातून काढून तिच्या बाजूला सरकवायचो. बोलायचो नाही. "ही आवडली का ताई" म्हटलंस की बारा माना वळतात आणि ती हात मागे घेते. मग तो हात पुन्हा बाहेर येत नाही.

तू हाताच्या घडीबद्दल लिहिलंस. तुझ्या दुकानात एसी आहे का, आणि ती त्या वाऱ्याखाली बसली होती का, हे आधी बघ. आमच्याकडे उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर निम्म्या बायका हाताची घडी घालूनच बसायच्या.

आता स्वभावाचं. माणूस आत आलं की माल उघडायच्या आधी पाणी द्यायचं, आणि पाणी घेताना ते कसं आहे हे मनात धरून ठेवायचं. तेव्हा साडी नसते, किंमत नसते, ठरवायचं काही नसतं. तेव्हाच मान खाली घालून दोन शब्दांत बोलणारी मुलगी असेल, तर पुढे शालू बघताना तिची मान खाली आहे याला काही अर्थ नाही. ती तशीच आहे. तिला तिच्याशीच ताडून बघायचं. अशा मुलीने नुसती मान वर केली तरी ते दुसरीच्या "अय्या, कित्ती सुंदर"च्या तोडीचं असतं.

बोलक्या माणसाचं उलट. ते प्रत्येक साडीला बोलतं, म्हणून त्याच्या बोलण्याचं वजन धरू नकोस. ते जिथे गप्प होतं तिथे थांब. तुझ्या त्या दोन तास बसलेल्या बाई एखाद्या साडीला पाच सेकंद गप्प झाल्या होत्या का, आठवून बघ. झाल्या नसतील तर त्यांना घ्यायचंच नव्हतं. त्यांना माणसांत बसायला आवडतं. ते पुढे झुकणं तुझ्या बोलण्याला होतं, साडीला नव्हतं. त्यात वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या वेळीही त्यांना चहा सांग.

तिसरी एक जात असते, तिला न बोलता सगळं कळतं. पैठणी उघडली की ती पदर उलटा करून मागची बाजू बघते. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, हे तिला ठाऊक असतं. कपाळाला आठी घालून बघेल, तुला वाटेल नाराज आहे. ती नाराज नसते, वाचत असते. तिच्यापुढे साडीची स्तुती करायची नाही. साडी तिच्या हातात द्यायची आणि ती उजेडात जाईल तेवढी वाट मोकळी करायची.

आमच्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू, सगळं गिऱ्हाईक. काही घरांत मोठ्यांसमोर लेकी-सुना नजर वर करत नाहीत. तो मान असतो. व्हिडिओवाले त्याला संकोच म्हणतील, नाहीतर लपवाछपवी म्हणतील. अशा घरची मुलगी बोलत नाही, पण शेजारी बहीण असेल तर तिच्या मांडीला हळूच कोपर लावते. मग बहिणीकडे बघायचं. बहीण बोलते.

आणि मुलीचे वडील. हे तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. किंमत ऐकून काही जण मागे टेकतात, काही जण चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावतात, एखादा उठून फोनवर बोलायला बाहेर जातो. त्यानंतर त्याच्यासमोर वरचा माल उघडायचा नाही. आम्ही पोराला सांगायचो, "खालच्या कपाटातलं काढ." कमी भावाचा माल तिथे असायचा. "स्वस्तातलं दाखवू का" असं त्या माणसाला त्याच्या व्याह्यासमोर कधीच विचारायचं नाही.

एक चूक सांगतो. लग्नसराई होती, १९९४ किंवा ९५ असेल. एक बाई एकट्या आल्या. मी बोलत होतो आणि त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. साडीकडे नजर नाही, सारखं माझं तोंड. मला वाटलं, यांचा माझ्यावर विश्वास नाही, खोट शोधताहेत. मी चिडलो. तोंड फिरवून, कपाटाकडे बघत भाव सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा कपाटाकडे बघतच सांगितला. त्या उठून गेल्या. दारातल्या पोराने मला सांगितलं, बाईंना ऐकू येत नाही, ओठांवरून ओळखतात. दर वर्षी येतात, आतल्या गादीवरचा माणूस त्यांना सांभाळून घेतो. मी धावत रस्त्यावर गेलो, त्या दिसल्या नाहीत. पुन्हा दुकानात आल्या असतील तर माझ्या गादीवर आल्या नाहीत. तेव्हापासून एखाद्या माणसाच्या वागण्याचा अर्थ फार पटकन लागला की मी आधी एक प्रश्न विचारायचो. साधाच, "काठ मोठा बघू की बारीक?" एवढाच.

हा प्रश्न तुझ्या त्या मुलीलाही चालला असता. "कसा वाटला" विचारलं की "चालेल" येतं. मोठा की बारीक विचारलं की एक शब्द मिळतो, आणि त्या शब्दात तिला कुणाचं मन मोडावं लागत नाही.

---

शिकवते_मानसशास्त्र

काकांचं वाचून वर्गात सांगावं असं वाटलं. थोडी भर घालते आणि एक शंकाही मांडते.

व्हिडिओंमधल्या त्या याद्या खरंच विसरून जा. "५५ टक्के संवाद देहबोलीतून होतो" हा आकडा तुम्ही नक्की ऐकला असेल. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो वापरून आवड-नावड ओळखायला लावली होती. एकूण सगळ्या बोलण्याला तो आकडा लागू होत नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं आहे. नाकाला हात म्हणजे खोटं, याचंही तसंच. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६मध्ये चोवीस हजारांहून जास्त लोकांनी केलेल्या पारखीचे निकाल एकत्र करून बघितले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी १००पैकी ५४ वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा ओळखलं असतं.

स्वभावाचं म्हणाल, तर अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांनी १९२१मध्ये मांडली. अंतर्मुख असणं आणि बुजरं असणं मात्र वेगळं. अंतर्मुख माणूस गर्दीने दमतो; बुजऱ्याला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. दोघंही गादीच्या टोकाला बसतील. पहिल्याला थोडी शांतता द्या, तो आपणहून बोलेल. दुसऱ्याला शांततेतही नजरांचा त्रास होतो, त्याच्यावरच्या नजरा कमी करायला लागतात. अनोळखी माणसाला समोरच्याचा बोलकेपणा बऱ्यापैकी चटकन ओळखता येतो, पण आतली धास्ती बाहेरून ओळखणं अवघड जातं. तुमच्या त्या मुलीबाबत नेमकं हेच झालं असणार.

आता शंका. काका, हात दुसऱ्यांदा जातो तीच साडी आवडलेली असते, हे तुम्हाला ३८ वर्षांत दिसलं. पण बरोबर आलेले अंदाज माणसाच्या चांगले लक्षात राहतात आणि चुकलेले सहसा कळतही नाहीत, कारण ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तुमच्या त्या बाईंचं तुम्हाला केवळ दारातल्या पोरामुळे कळलं. वडील म्हणतात "बसून बसून कळतं", पण चूक झाल्याचं कुणी सांगितलं तरच कळतं. नुसतं बसून माणसाचा आत्मविश्वास वाढत जातो, पारख तेवढी वाढतेच असं नाही.

---

चालेल_म्हणणारी

मी ती मुलगी नाही, पण तशीच आहे. माझं लग्न २०१९मध्ये झालं, बस्ता कोल्हापूरला. चौदा माणसं होती.

आत काय चालू असतं ते सांगते. सगळे माझ्याकडे बघायला लागले की मला साडी दिसेनाशीच होते. रंग दिसतात, पण आवडतंय की नाही ते आत लागत नाही. मग मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते आणि हे लवकर संपावं एवढंच वाटतं. "चालेल" म्हणजे होकार नसतो, नकारही नसतो. आता थांबा, एवढंच असतं. आणि "हसा की" म्हटलं की मी हसते, पण त्यानंतर तिथे माझं काही उरत नाही. दादा, रागावू नका, पण ते पुन्हा कुणाला म्हणू नका.

मला ज्यांनी साडी दाखवली ते पन्नाशीचे असतील. त्यांनी दोन गोष्टी केल्या. सासूबाई आणि काकूंना म्हणाले, "मानपानाच्या साड्या त्या गादीवर उघडल्यात, भाव आजच्यापुरता आहे, तुम्ही त्या बघून घ्या." निम्मी माणसं उठून गेली. मग त्यांनी तीन शालू माझ्या मांडीवर ठेवले आणि स्वतः दुसऱ्या बाईंचं बिल करायला वळले. पाठ माझ्याकडे. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीच. दहा मिनिटांत ठरलं. हिरवा, त्यावर लहान बुट्ट्या. तो मी अजून दर पाडव्याला नेसते.

त्यांना माझी देहबोली वाचता येत होती की नाही, मला माहीत नाही. कदाचित त्यांनी वाचायचा प्रयत्नच केला नाही. मला बघायला जागा दिली. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कुणी माझं मन ओळखावं यापेक्षा मला ते ओळखायला वेळ द्यावा.

एक भीतीही आहे. असं वाचून वाचून दुकानदार हुशार झाला आणि वडिलांचा चेहरा बघून त्यांच्या ऐपतीबाहेरचं गळ्यात मारायला लागला तर? काकांनी उलट केलं म्हणून बरं वाटलं. सगळे तसे नसतात.

---

सोलापूरचे_काका

ताई, तुमचं म्हणणं मान्य. त्या माणसाला माझा नमस्कार सांगावासा वाटतो.

बाई, तुमची शंका रास्त आहे. आमच्या मालकांनाही ती होती. म्हणून दुकानात बदलून आलेल्या साड्यांची वही होती. साडी कोणती, दाखवली कुणी, निवडली कुणी, परत का आली. दर अमावास्येला दुकान बंद असायचं, तेव्हा साफसफाईनंतर ती वाचली जायची. कुणाला बोल लावायचा नाही, नुसती वाचायची. माझ्या नावावर सगळ्यात जास्त साड्या "निवडली: सासू" या रकान्यात परत आल्या होत्या. दोन वर्षं तसंच चालू राहिलं, तेव्हा कुठे मी मुलीच्या हाताकडे बघायला लागलो. वही नसती तर बघितलं नसतं.

---

गादीवर_नवीन

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, "हसा की" मी पुन्हा म्हणणार नाही. रागावलो अजिबात नाही, वाचून थोडा वेळ दुकानाच्या मागे जाऊन बसलो होतो.

वही केली. पहिली नोंद माझीच: मरून शालू, दाखवला मी, निवडला आत्यांनी, तिसऱ्या दिवशी परत. एसीखालची जागाही बघितली. ती मुलगी बसली होती बरोबर तिथेच वारा येतो. तिथे आता पुरुषांसाठी खुर्च्या टाकल्या आहेत.

परवा एक बस्ता आला, तेव्हा मानपानाच्या साड्या दुसऱ्या गादीवर उघडल्या. पाच जणी उठून गेल्या. मुलगी गप्प होती, मी पाणी देताना बघून ठेवलं होतं, तेव्हाही गप्पच होती. तिचा हात दोन वेळा एका अबोली शालूवर गेला. मी तो हळूच सरकवून तिच्याजवळ ठेवला. तिने तो उचलून आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, हा तुला बघ." म्हणजे हात बरोबर दिसला, अर्थ चुकला. मग "मोठा काठ की बारीक" विचारलं. "मोठा," म्हणाली. पंधरा मिनिटांत तिचा ठरला, आणि अबोली आईने घेतला. हेही वहीत लिहिलं.

पण काका, एक अडतंय. मी बघतोय हे त्यांना कळतं. मी समोर बसलोय, हातात साडी नाही, बोलत नाही, आणि बघतोय. त्या मुलीने दोनदा माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. वर ताई म्हणतात जागा द्या, पाठ करा. पाठ केली तर हात दिसणार कसा?

---

सोलापूरचे_काका

बसून बघतोस म्हणून कळतं. मालक म्हणून हात बांधून बसू नकोस, घड्या घाल. मान खाली, नजर कापडावर, आणि ढीग तुमच्या दोघांच्या मधे. घडी घालताना काठ जुळवायला नजर गादीभर फिरतेच, त्यात तिचा हातही दिसतो आणि तुझं बघणं तिच्या अंगावर जात नाही. ती ज्या साडीला हात लावून आहे तिची घडी सगळ्यात शेवटी घालायची. ती घालायला गेलास आणि तिने हात काढलाच नाही, तर तिथेच थांब.

आईचा अबोली वहीत लिहिलास हे चांगलं केलंस. तुझ्या हाताखाली घड्या घालायला जे पोरगं आहे, त्यालाही वही वाचायला दे. शनिवारच्या बस्त्याला एकटा बसू नकोस, वडिलांना खुर्ची देऊन गल्ल्यावर बसव. गुडघा दुखत असला तरी डोळे त्यांचेच चालतील.